तुडतुड्यांच्या पोटातली माशी

अकलूजच्या परिसरात उसाच्या सरीत शिरले आणि पानाला नुसता हात लागला, तरी काहीतरी टुणकन उडून पलीकडच्या पानावर जाऊन बसते. वाळक्या पाचटाच्या रंगाचे, तोंडाशी चोचीसारखे टोक असलेले हे किडे. पुस्तकात त्यांचे नाव पायरिला, शेतकऱ्याच्या तोंडी पाकोळी. त्यांच्या पिल्लांना मागे पिसासारख्या दोन शेपट्या असतात. पानाच्या खालच्या बाजूला बसून ती रस शोषतात आणि अंगातून गोड चिकट पाणी सोडतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरली की पान काजळी फासल्यासारखे दिसू लागते.

पाकोळी एकटी नाही, तिचे गणगोत मोठे आहे. भेंडीवरचे आणि कपाशीवरचे हिरवे तुडतुडे, आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे, कोकणात आणि पूर्व विदर्भात भात करपवणारे तपकिरी तुडतुडे, रब्बी ज्वारीच्या पोंग्यात राहून चिकटा वाढवणारे तुडतुडे हे सगळे दूरजवळचे नातलगच. सुईसारखी सोंड खुपसून रस ओढणे हा सगळ्यांचा धंदा. काही जण रसाबरोबर रोगही पसरवतात. वांग्याचा पर्णगुच्छ, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतो, तिळाचा पर्णगुच्छ आणि उसातली गवताळ वाढ हे तिन्ही रोग तुडतुड्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, मका, भाजीपाला आणि फळबागा असे सगळे बारमाही पीक घेणाऱ्या माळशिरस तालुक्यात अशा किडीला वर्षभर कुठे ना कुठे हिरवे पान मिळतेच.

शेतकऱ्याला तुडतुडे माहीत आहेत, औषधांच्या दुकानदाराला तर त्याहून जास्त. पण या तुडतुड्यांच्या मागे लागलेल्या आणि त्यांच्यावाचून जगूच न शकणाऱ्या माश्यांचे एक अख्खे कुळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शास्त्रात या कुळाला पिपुनक्युलिडी म्हणतात. मराठीत रूढ नाव नाही, तेव्हा मोठ्या डोक्याच्या माश्या म्हणू. वर्णनासाठी तेवढे पुरे आहे, कारण या माशीत पहिल्यांदा नजरेत भरते ते डोकेच.

लांबीने ही माशी दोन मिलिमीटरपासून फार तर एक सेंटिमीटरच्या थोडी पुढे जाते. बहुतेक जाती चार-पाच मिलिमीटरच्या, काळपट, राखी अंगाच्या. पुढे गोल, जवळजवळ चेंडूसारखे डोके, आणि ते जवळपास सगळेच्या सगळे डोळ्यांनी व्यापलेले. पुष्कळ जातींच्या नरांत दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात. मादीत समोरच्या बाजूची डोळ्यांची भिंगे मोठी झालेली असतात. डोके मानेवर सहज फिरते. छाती आणि पोट त्या मानाने बारीक. पंख शरीरापेक्षा लांब आणि पारदर्शक.

एवढे डोळे कशासाठी, ते मादी कामाला लागली की समजते. गवताच्या दाटीत, बांधावर किंवा पिकाच्या ओळीत ती हवेत एका जागी थांबते, पानाच्या कडेने इंच इंच सरकते, पुन्हा थांबते. पानावर मान वळली, पाय हलला, एवढीशी हालचालही तिच्या नजरेतून सुटत नाही. तुडतुड्याचे पिल्लू दिसले की ती झडप घालून त्याला पायांत धरते. पुष्कळ जातींत ती त्याला पानावरून उचलून हवेत नेते आणि अधांतरीच पोटाच्या टोकाची टोकदार सुई त्याच्या पोटात खुपसून आत एक अंडे सोडते. मग पिल्लू सोडून दिले जाते. ते खाली पडते, सावरते आणि पुन्हा पान गाठते. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलल्यासारखे वाटत नाही.

बदल आत सुरू झालेला असतो. अंड्यातून निघालेली अळी तुडतुड्याच्या अंगातल्या द्रवात वाढू लागते. बहुतेक माश्यांच्या अळ्या तीन अवस्थांतून जातात, या कुळात दोनच असतात. पहिली अवस्था लहान आणि सावकाश वाढणारी. दुसरीत मात्र अळी यजमानाचे पोट हळूहळू भरून टाकते. तुडतुडा या काळात चालतो, उडतो, रसही शोषतो. शेवटी त्याचे पोट ताणून फुगते, आणि अळी पोटाच्या वलयांमधली मऊ त्वचा फोडून बाहेर येते. तिथे तुडतुड्याचा अंत होतो. अळी खाली मातीत किंवा पालापाचोळ्यात शिरते, काही जातींत झाडावरच राहते, आणि तपकिरी ते काळ्या रंगाच्या टणक कोषात जाते. यथावकाश त्यातून मोठ्या डोक्याची नवी माशी निघते.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. उवा, गोचीड हे यजमानाच्या जिवावर जगतात, पण सहसा त्याला जिवंत ठेवतात. ही माशी यजमानाला मारल्याशिवाय मोठीच होत नाही. शिवाय एका यजमानात साधारणपणे एकच अळी पूर्ण वाढते. शिकार करणारा ढालकिडा दिवसात कितीतरी मावा खातो, पण ढालकिडा कशावरही भागवतो. मोठ्या डोक्याची माशी तसे करत नाही. तिची प्रत्येक जात ठरावीक तुडतुड्यांच्याच मागे असते, म्हणून या माश्यांचे वर्गीकरण शिकणे म्हणजे एका अर्थी तुडतुड्यांचेच वर्गीकरण शिकणे होते.

अळी आत असताना तुडतुड्याचे काय होते, हे १८८९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेद जिआर यांनी मांडले. लहान तुडतुड्यांवर त्यांनी दोन परोपजीवी पाहिले, एक गांधीलमाशीच्या वर्गातला आणि दुसरी मोठ्या डोक्याची माशी. दोन्हींमुळे तुडतुड्यांची प्रजननक्षमता संपते आणि नरांचे जननेंद्रिय विकृत किंवा खुरटे राहते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे तुडतुडा मरण्याच्या आधीच त्याची पुढची पिढी थांबलेली असते. शेतात फिरणारा एखादा तुडतुडा जिवंत दिसतो म्हणून तो पुढे पिल्ले घालणारच, असे गृहीत धरता येत नाही. याचा त्रास वर्गीकरणकारांनाही होतो, कारण तुडतुड्यांच्या जाती नराच्या जननेंद्रियावरून ओळखतात. आत अळी असलेल्या नराचे अवयव वेगळेच दिसतात, आणि अनुभव कमी असलेला अभ्यासक चकतो.

जगभरात या कुळाच्या चौदाशेहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. अंटार्क्टिका सोडले तर सगळ्या खंडांवर त्या आहेत. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ जातींना अजून नावच मिळायचे आहे. अभ्यासक कुळाचे ढोबळमानाने तीन भाग करतात, आणि या तिघांचे खाणे-राहणे पाहिले की विभागणी नुसती कागदावरची नाही हे पटते.

पहिला भाग कॅलॅरिनी. यात कॅलॅरस, जॅसिडोफॅगा आणि व्हेरॅलिया या तीन प्रजाती, म्हणजे जातींचे गट, येतात. कॅलॅरसच्या माश्या फार लहान असतात आणि पंखातली एक आडवी शीर नसल्यामुळे चटकन वेगळ्या काढता येतात. भेंडीवरचे आणि कपाशीवरचे तुडतुडे ज्या उपकुळात मोडतात, त्या नाजूक तुडतुड्यांवर कॅलॅरस वाढते. व्हेरॅलियाचा यजमान निराळा. गवतावर थुंकीसारखा फेस करून त्यात लपणारे किडे अनेकांनी पाहिले असतील, व्हेरॅलिया त्यांच्यावर जगते. गंमत अशी की ती पिल्लांना सोडून पूर्ण वाढलेल्या किड्यांना गाठते, कारण पिल्ले फेसात सुरक्षित असतात.

दुसरा भाग नेफ्रोसेरिनी. यातल्या नेफ्रोसेरस माश्या या कुळातल्या सर्वांत मोठ्या, अंगावर पिवळा रंग असलेल्या. त्या कशावर जगतात हे फार काळ कोडे होते. सगळ्या कुळाचे यजमान तुडतुडे आणि त्यांचे नातलग, तेव्हा हिचाही तोच असणार, असे मानले जाई. २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी नेफ्रोसेरसची अळी पूर्ण वाढलेल्या क्रेन माशीच्या पोटात सापडल्याची नोंद प्रसिद्ध केली. क्रेन माशी म्हणजे लांबलचक पायांची, मोठ्या डासासारखी दिसणारी माशी. तुडतुड्यांशी तिचा काही संबंध नाही. एका निरीक्षणाने कुळाच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. या माश्यांचे पूर्वज आधी दुसऱ्या माश्यांवर जगत होते की तुडतुड्यांवर, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

तिसरा भाग पिपुनक्युलिनी. बहुसंख्य जाती इथेच आहेत. युडोरायलस हा सर्वांत मोठा गट, त्यापाठोपाठ टोमोसव्हॅरिएला. भातावरच्या हिरव्या तुडतुड्यांच्या पोटातून आशियात टोमोसव्हॅरिएलाच्या जाती वारंवार मिळाल्या आहेत. त्यातल्या एकीचे नाव ओरायझीटोरा आहे. सेफॅलॉप्स हा गट मात्र तपकिरी तुडतुड्यांच्या कुळाकडे वळलेला. आंब्याच्या तुडतुड्यांवर भारतात नोंदली गेलेली अॅन्युलिफेमर ही माशी सुरुवातीला पिपुनक्युलस या नावाखाली लिहिली गेली.

ही माशी नोंदवणारे एन्रिको ब्रुनेट्टी हे पेशाने संगीतकार होते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या माणसाने पूर्वेकडचा प्रवास करत कलकत्त्यात मुक्काम केला आणि तिथल्या इंडियन म्युझियममधल्या माश्यांच्या संग्रहावर काम केले. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत त्यांनी माश्यांवरचे तीन खंड लिहिले. १९२३ मध्ये निघालेल्या खंडाची सुरुवातच मोठ्या डोक्याच्या माश्यांपासून होते. त्याच खंडात कोनोपिडी हे दुसरे कुळ आहे. त्यांची डोकी जाड असतात आणि त्यांच्या अळ्या मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या पोटात वाढतात. नावांच्या साम्यामुळे या दोन कुळांची सरमिसळ आजही होते. ब्रुनेट्टी यांच्यानंतर भारतीय जातींचा सविस्तर आढावा यायला सहा दशके लागली. व्ही. सी. कपूर, ग्रेवाल आणि शर्मा यांचा त्या विषयावरचा मोनोग्राफ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीशी इतका थेट संबंध असलेल्या माश्यांसाठी इतका काळ जावा, हे खटकते.

नावांचाही घोळ कमी झाला नाही. जर्मन अभ्यासक मायगेन यांनी १८०० मध्ये डोरिलास हे नाव दिले होते आणि फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये पिपुनक्युलस. जुन्या नावाला मान द्यायचा तर कुळ डोरिलायडी व्हायला हवे. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही अभ्यासक तसे लिहूही लागले. हंगेरीतून अर्जेंटिनाला गेलेले मार्टन आचेल आणि हवाई विद्यापीठातले एल्मो हार्डी हे त्यातले प्रमुख. आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने १९६३ मध्ये मायगेन यांची १८०० सालची सगळीच नावे बाद ठरवली, तेव्हा पिपुनक्युलिडी हे नाव पक्के झाले. त्या काळातला निबंध उघडला की एकच माशी दोन कुळनावांखाली भेटते.

प्रत्यक्ष ओळख पटवणे त्याहून अवघड. पुष्कळ जाती बाहेरून सारख्याच काळ्या आणि सारख्याच राखी. भेद दिसतो तो नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियात. तो अवयव काढून कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळायचा, मऊ भाग विरघळू द्यायचा आणि उरलेल्या कठीण तुकड्यांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, तेव्हा कुठे नाव लागते. तुडतुड्यांना मारते मादी, आणि नाव मात्र नरावरून ठरते. कितीतरी जातींत मादी कोणती हेच नक्की नसते. अलीकडे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून नर आणि मादीची जोडी लावतात. त्याच पद्धतीने तुडतुड्याच्या पोटातली कच्ची अळीही ओळखता येते. आधी ती अळी वाढवून माशी होईपर्यंत थांबावे लागे, आणि बहुतेक अळ्या बाटलीत मरून जात.

कॅनडातले जेफ्री स्केव्हिंग्टन, जर्मनीतले क्रिस्टियान केलमायर, बेल्जियमचे मार्क द मेयर यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत या कुळाची नव्याने मांडणी केली. २०१४ मध्ये केलमायर आणि सहकाऱ्यांनी बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या डिंकासारख्या चिकाच्या दगड झालेल्या खड्यात, अडकलेल्या माशीचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले. खडा न फोडता कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नराचे आतले अवयव पडद्यावर दिसले आणि त्या नामशेष गटाची कुळातली जागा ठरवता आली. २०२२ मध्ये इराणी अभ्यासक बेहनाझ मोतामेदिनिया यांनी सहकाऱ्यांसह अनेक जनुकांवर आधारलेला कुळाचा पहिला विस्तृत वंशवृक्ष मांडला.

कुळाच्या शेजाऱ्यांबद्दलचे मतही बदलले. फुलांवर हवेत थांबणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिर्फिड माश्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. दोघींनाही अधांतरी थांबता येते, पंखांच्या शिरांतही साम्य, म्हणून त्यांना दीर्घकाळ सख्ख्या बहिणी मानत. जनुकीय अभ्यासांनी, विशेषतः २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माश्यांच्या मोठ्या वंशवृक्षाने, वेगळे चित्र दिले. मोठ्या डोक्याच्या माश्या सिर्फिडपेक्षा घरमाशी, फळमाशी ज्या फांदीवर आहेत त्या फांदीला अधिक जवळच्या निघाल्या.

ऊस पिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी या विषयातली एक गोष्ट हवाईची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या बेटांवर ऑस्ट्रेलियाकडून, बहुधा बेण्याबरोबर, उसाचा एक तुडतुडा पोचला. १९०३ मध्ये त्याला पर्किन्सिएला सॅकरिसिडा हे शास्त्रीय नाव मिळाले. त्याचा शत्रू तिथे नव्हता, ऊस मात्र डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल होता. पहाला इथल्या मळ्यातले साखर उत्पादन १९०३ मध्ये १८,८८८ टन होते, ते काही वर्षांतच ८२६ टनांवर आले. उसाची पाने चिकट्याने आणि काजळीने काळी पडली, कांडी वाढली नाहीत, मळे उजाड झाले.

मळेवाल्यांनी १९०४ मध्ये कीटकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. रॉबर्ट पर्किन्स आणि अल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियात गेले आणि तुडतुडा मूळच्या घरी कोणकोणत्या शत्रूंच्या तावडीत असतो ते शोधू लागले. त्यांनी अंड्यांवर वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणल्या. पर्किन्स यांनी १९०५ मध्ये उसाच्या तुडतुड्यांवरच्या मोठ्या डोक्याच्या माश्यांसाठी वेगळा अहवाल लिहिला. त्यात वर्णन केलेल्या एका जातीला त्यांनी जुव्हेटर, म्हणजे साहाय्य करणारी, असे नाव दिले. परकी कीड आली तेव्हा बेटावरच्या या माश्या काही प्रमाणात तिच्यावर वळल्या, पण त्यांच्या एकट्याने भागले नाही. किडीचा खरा बंदोबस्त १९२० मध्ये झाला. फ्रेडरिक म्यूर यांनी ऑस्ट्रेलिया आणि फिजीतून तुडतुड्यांची अंडी शोषणारा एक छोटा ढेकूण आणून सोडला, आणि काही वर्षांत उसावरचा तुडतुडा किरकोळ कीड होऊन बसला.

हवाईचा पुढचा भाग वर्गीकरणाच्या दृष्टीने आणखी मोलाचा. बेटांवर सेफॅलॉप्सच्या तीसहून अधिक स्थानिक जाती आहेत. त्या जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. बाहेरून आलेल्या पूर्वजांची संतती बेटाबेटांवर विखुरली, स्थानिक तुडतुड्यांच्या वेगवेगळ्या जातींवर स्थिरावली आणि स्वतंत्र जाती बनत गेली. हार्डी यांनी या माश्यांवर वर्षानुवर्षे काम केले.

महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्याला हा धडा अपरिचित नाही. पाकोळीवर एपिरिकेनिया नावाचा पतंग जगतो. त्याची अळी पाकोळीच्या पाठीला चिकटते आणि पांढऱ्या मेणचट आवरणाखालून तिचा रस ओढते. मोठ्या डोक्याची माशी आतून खाते, ही बाहेरून. पानांवर दिसणारे तिचे पांढरे कोष कापून दुसऱ्या फडात टाचतात. हेक्टरी चार ते पाच हजार कोष किंवा चार-पाच लाख अंडी अशी शिफारस आहे. ज्या फडात एपिरिकेनिया भरपूर असेल तिथे फवारणी करू नये, असे कृषी विद्यापीठे आणि कारखान्यांचे ऊसविकास अधिकारी वारंवार सांगत आले आहेत.

लोकरी मावा तर जाणत्या ऊसकऱ्यांना नीट आठवतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात तो प्रथम दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पांढऱ्या कापसाने पाने झाकून गेली. औषधांचे पंप रिकामे झाले तरी उंच वाढलेल्या उसात फवारा पोचत नव्हता. कोनोबाथ्रा हा पतंग, मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा कीटक आणि सिर्फिड माश्या वाढल्या तेव्हा मावा आटोक्यात आला. कारखान्यांनी कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस वाढवून वाटले. शेतकऱ्यांनी पहिल्यांदाच शत्रूच्या शत्रूची नावे तोंडपाठ केली. त्या वेळी शत्रू कोणता आणि मित्र कोणता, हे नावानिशी ओळखणारी माणसे हाताशी होती, म्हणूनच हे जमले.

इथेच मोठ्या डोक्याच्या माश्यांच्या वर्गीकरणाचे व्यवहारातले मोल आहे. शेतकऱ्याला एपिरिकेनियाचा पांढरा कोष डोळ्यांनी दिसतो. तुडतुड्याच्या पोटातली अळी दिसत नाही. जे दिसत नाही ते हिशेबात धरले जात नाही, आणि हिशेबात नसलेल्याचा विचार फवारणीच्या वेळी कुणी करत नाही. इंडोनेशियाने याची मोठी किंमत मोजली. भातावर सरसकट फवारण्या झाल्यावर तपकिरी तुडतुडे कमी व्हायचे सोडून वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी, ढेकूण आणि परोपजीवी आधी मेले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातले मित्रकीटक मोजायला शिकवले.

उसाच्या शेतात आणखी एक गोष्ट लागू पडते. या माश्यांच्या पुष्कळ जाती मातीत किंवा पाचोळ्यात कोषावस्थेत राहतात. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवले की वरच्या थरात जे काही जिवंत असेल ते जाते, त्यात किडीही जातात आणि किडींना मारणारेही. पाचट सरीत ठेवून खोडवा राखण्याची शिफारस पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट जमिनीचा सेंद्रिय कर्ब आणि पाणी वाचवण्यासाठी करतात. मित्रकीटकांना आसरा हा त्याच पाचटाचा वेगळा फायदा.

बांधावरच्या गवताचेही तसेच. तणनाशक मारून बांध मोकळा केला की शेत नीटनेटके दिसते, पण पिकात कीड नसताना या माश्यांना यजमान मिळतो तो त्या गवतावरच्या निरुपद्रवी तुडतुड्यांत. प्रौढ माशी किड्यांनी सोडलेल्या गोड चिकट्यावर पोट भरते. वाटेवरच्या गवताची एक पट्टी तशीच राखणे कुणालाही परवडेल.

या कामाला महागडी साधने लागत नाहीत. मच्छरदाणीच्या कापडाची हातजाळी घेऊन सकाळी ऊन वर येण्याच्या सुमारास बांधावरच्या गवतावरून आणि भेंडीच्या ओळींवरून दहा-वीस वेळा झाडल्यासारखी फिरवली की तुडतुडे आणि माश्या दोन्ही हाती लागतात. ज्या तुडतुड्याचे पोट इतरांपेक्षा फुगलेले, ताणलेले असेल त्याला हिरव्या पानासकट काचेच्या बरणीत ठेवायचे, तळाशी ओलसर माती घालायची, तोंडाला मलमल बांधायची. अळी आत असेल तर ती मातीत उतरते आणि कोष दिसतो. पुढे माशी निघाली की ती आणि तिच्यासोबत मेलेला तुडतुडा दोन्ही स्पिरिटमध्ये ठेवायचे, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकायची: गाव, तारीख, पीक. माशी आणि तिचा यजमान एकाच बाटलीत, हा पुरावा संशोधकासाठी नुसत्या माशीच्या कितीतरी पट मोलाचा. तंबूसारखा मालेझ सापळा वापरला तर उडणाऱ्या माश्या मोठ्या संख्येने मिळतात. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मालेझ यांनी तो १९३० च्या दशकात ब्रह्मदेशातल्या मोहिमेत वापरला आणि १९३७ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. आज तो शिंप्याकडून शिवून घेता येतो.

अकलूजमध्ये कृषी महाविद्यालय आहे, शंकरराव मोहिते महाविद्यालयात विज्ञानाचे विद्यार्थी आहेत, मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे. ओळख पटवायला पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आहे. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी माळशिरस तालुक्यातल्या ऊस, मका, भेंडी आणि बांधावरच्या गवतावरचे तुडतुडे वर्षभर दर पंधरवड्याला गोळा करावेत, त्यातल्या किती पोटांत अळी निघते ते मोजावे आणि निघालेल्या माश्या नावे लागण्यासाठी पाठवाव्यात. आणि शेतकऱ्यांनी तुडतुडे दिसले म्हणून पंप खांद्यावर घेण्याआधी चार पाने उलटी करून, हातात भिंग घेऊन, फुगलेल्या पोटाचे तुडतुडे आहेत का हे एकदा पाहावे.